लोट्यातलं मीठ

भुरीबाई खिचडीच्या गंजात सराटा फिरवत होती, तेवढ्यात भिंतीपलीकडून तिच्या नातीचा, निताचा आवाज आला.

"मॅडम, मी राह्यतो उभी."

सराटा जागच्या जागी थांबला. शाळेचा वर्ग आणि खिचडीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तिलाही वर हातभर झरोका. त्यामुळे इथं खिचडी शिजवायच्या सहा वर्षांत भुरीबाईला एक अक्षर ओळखू येत नसलं, तरी बेचा पाढा आणि महाराष्ट्रातल्या नद्या पाठ झाल्या होत्या. गेले दोन दिवस सुकेशनी मॅडम पोरांना निवडणूक शिकवत होत्या. ग्रामपंचायतीचं खरं मतदान रविवारी, याच वर्गात होणार होतं. त्याआधी शुक्रवारी पोरांनी आपल्या शाळेचा सरपंच निवडायचा, असं मॅडमनी ठरवलं होतं. अर्ज, चिन्ह, माघार, प्रचार, सगळं रीतसर.

सोमवारी राजपालनं हात वर केला होता. राजपाल हा भाऊसिंग नायकाचा नातू. भाऊसिंग तांड्याचा नायक, शाळा समितीचा अध्यक्ष, आणि रविवारी सरपंचपदाला उभा. राजपालचा हात वर गेला तसे बाकीच्या बावीस पोरांनी आपापले हात मांडीखाली सारले. तांड्यात जन्मलेल्या पोराला हे कोणी शिकवावं लागत नाही. मॅडम बिचाऱ्या दोन दिवस विचारत होत्या, उमेदवारच एक, तर मत द्यायचं कशाला, आणि हा धडा शिकवायचा कसा?

आणि आज मंगळवारी निता उठली होती. भुरीबाईला ते नको होतं.

त्याला कारण होतं. निताचे आईबाप दिवाळी झाली तसे कोयते घेऊन ऊसतोडीला गेले होते. चाळीस-बेचाळीस पोरांच्या शाळेत आता तेवीस उरली होती. बाकीची आईबापांमागे उसाच्या फडात. निता राहिली ती भुरीबाईमुळे, आणि भुरीबाई राहिली ती या खिचडीमुळे. हे काम सुटलं की तिला आणि नवऱ्याला, म्हाताऱ्या दोघांनाही फडावर जाऊन उसाच्या शेंड्यांचे वाढे बांधावे लागणार, आणि चौथीतली पोर दप्तर गुंडाळून त्यांच्या मागे. हे काम द्यायचं की काढायचं ते समिती ठरवायची, म्हणजे अध्यक्ष ठरवायचा. त्याची मान उभी हलली तर भुरीबाई, आडवी हलली तर तांड्यातल्या आणखी दोघीजणी पदर खोचून तयारच होत्या.

संध्याकाळी नवरा सोमला घरी आला तेव्हा भुरीबाई चुलीसमोर नुसतीच बसली होती. सोमलाच्या गुडघ्यात पाणी झालेलं, त्यामुळे ऊस तोडणं त्याला जमेना. दुसऱ्यांच्या हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, शिरू नयेत म्हणून तो राखणीला जायचा.

"भाऊसिंगच्या नातवाच्या समोर उभी राह्यली तुही नात," ती म्हणाली.

"आयकलं. पाराजवळ बोलून राह्यले लोक." सोमलानं गुडघा दोन्ही हातांनी धरून लांब केला. "लेकराईचा खेळ हाय, होईन शांत."

"नायकाले खेळ वाटन का थो?"

निता कोपऱ्यात कागदावर पाटीचं चित्र काढत होती. पाटी हे तिचं चिन्ह, राजपालचं बॅट.

"नितू, उद्या जाऊन मॅडमले सांग, मी बसतो म्हना खाली."

"माघार उद्याच्या सुट्टीपावेतो घेता येते. पन मी नाई घेत."

"काहून?"

"मी मांगं हटलो तं मॅडमचा धडा कसा होईन, दादी?"

भुरीबाईला रागही आला आणि पोरीचं कौतुकही वाटलं, आणि कौतुक वाटलं म्हणून आणखी राग आला. पोर बापावर गेली होती. एकदा अडून बसली की बैल लावूनही जागची हलायची नाही. तेव्हा भुरीबाई उठली, रांजणातलं पाणी लोट्यात घेतलं आणि मिठाचा डबा पुढं ओढला.

हे मीठ तांड्यातलं जुनंच. मागच्याच आठवड्यात भाऊसिंगनं सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं बैठक घेतली होती. मधोमध पाण्याचा लोटा, आणि प्रत्येक घरानं येऊन त्यात चिमूटभर मीठ टाकायचं. मत नायकालाच, आणि वचन मोडलं तर या मिठासारखे विरघळून जाऊ. भुरीबाईनं टाकलं, सोमलानं टाकलं. आजवर कोणी विरघळल्याचं तांड्याच्या ऐकिवात नव्हतं, पण वचन मोडून पाहिल्याचंही नव्हतं.

"राह्य उभी," ती निताला म्हणाली. "पन तुह्यं मत राजपालले. घे चिमूट."

निता लोट्याकडे बघत राहिली. "माह्यं मत मलेच नाई द्याचं?"

"नाई."

"अन् बाकीच्याईनं मले देल्लं तं?"

"ते मी पाह्यतो. टाक."

पोरीनं मीठ टाकलं. ते तळाशी गेलं आणि दिसेनासं झालं. सोमलानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

गुरुवारी सकाळी प्रचार होता. राजपाल म्हणाला, मले मत द्या, माहे बाबा बॅट-बॉल आणून देनार हायेत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग निताचा आवाज झरोक्यातून आला, आधी जरा कापरा.

"मी सरपंच झालो तं उसावर गेलेल्याईच्या जागेवर कोनी बसाचं नाई. त्याईच्या वह्या मॅडमच्या कपाटात राह्यतीन. आपून अभ्यास दोन डाव लिवाचा, एक आपला, एक त्याईचा. ते आले का त्याईले द्याचा."

टाळ्या वाजल्या नाहीत. वर्ग एकदम गप झाला. भुरीबाईनं चुलीत पऱ्हाट्या सारल्या आणि पदरानं डोळे पुसले. धूर होताच, त्यामुळे कोणाला जाब द्यायची पाळी नव्हती. पण त्या गप्पपणाचीच तिला भीती वाटली. टाळ्या वाजवणारी पोरं बॅट-बॉल विसरतीलही, ही गप्प बसलेली विसरणार नाहीत. जवळजवळ प्रत्येकाचं कोणी ना कोणी उसावर होतं.

दुपारी पोरं ताटल्या घेऊन ओळीनं बसली. भुरीबाई डाव भरून वाढायला वाकायची आणि वाकल्या वाकल्या कानात सांगायची, "बॅटवर मत देजो, बरं. घे अजून." ज्यानं मान डोलावली त्याला दुसरा डाव. निताच्या ताटलीपाशी ती आली तेव्हा काही बोलली नाही. नितानंही वर बघितलं नाही. स्वतःच्या नातीविरुद्ध प्रचार करणारी बाई उभ्या मानोरा तालुक्यात दुसरी सापडली नसती.

पहिलीतली रुचिका हात न धुताच मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "मॅडम, राजपालले मत देल्लं तं डबल खिचडी भेटते."

लेकरांच्या जिभेला कुठलं आलंय हाड! मॅडम खिचडीच्या खोलीत आल्या तेव्हा भुरीबाई गंज घासत होती. मॅडम वाशीमच्या, रोज गाडीवरून यायच्या. शाळेचे दुसरे सर निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलेले, त्यामुळे आठवडाभर चारही वर्ग त्यांच्याच गळ्यात.

"भुरीबाई, तुम्ही निताला पाडायला निघाल्या?"

भुरीबाई राखेनं गंज घासत राहिली.

"अहो, मी त्यांना आमिष म्हणजे काय ते सकाळीच शिकवलं. मतासाठी काही देणं म्हणजे गुन्हा. आणि दुपारी तुम्ही डाव घेऊन..."

"मॅडम," भुरीबाई म्हणाली, "तुमचा धडा उद्या संपते. आमचा सोमवारपासून चालू होते."

मॅडम चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांना समजलं असावं. दोन वर्षं झाली होती त्यांना इथं. पोरांच्या घराघरांत कोणाच्या मानेवर कोण बसलंय हे त्यांना ठाऊक होतंच, फक्त फळ्यावर लिहिताना ते आठवलं नव्हतं.

"माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "पण आता मागं घेतलं तर पोरं काय शिकतील? उद्या मी चुन्याची रेघ मारणार आहे. मतदान होईपर्यंत मोठ्या माणसानं रेघेच्या आत यायचं नाही. तुम्हीसुद्धा."

"खिचडी?"

"आधी मांडून ठेवा."

संध्याकाळपर्यंत गोष्ट तांडाभर झाली. भाऊसिंगच्या विरुद्ध उभा असलेला इंद्रभान किराणा दुकानासमोर मोठ्यानं बोलला म्हणे, नायकाचा नातू खिचडीवर निवडून येऊन राह्यला, तं नायक कायच्यावर येईन? लोक हसले. आणि हसलेलं भाऊसिंगच्या कानावर जायला वेळ लागला नाही. भुरीबाई हापशीवर घागर भरत होती, तिथं तो येऊन थांबला. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, आवाज नेहमीसारखा मऊ.

"भुरीबाई, म्या तुले काही सांगतलं होतं काय?"

"नाई, नायक."

"मंग? लोकं माह्यावर हासून राह्यले." तो थोडा वेळ घागरीत पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. "उद्या मी येतो शाळेत. पाह्यतो तं खरं, काय चालू हाय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भुरीबाईनं घागर डोक्यावर घेतली. अर्धं पाणी पाठीवर सांडलं.

शुक्रवारी मॅडमनी खरोखरच रेघ मारली. शाळेच्या फाटकापासून वीस पावलं आत, पांढरी, वाकडीतिकडी. वर्गाच्या कोपऱ्यात टेबलावर तेलाच्या पुड्यांचं रिकामं खोकं उभं केलं. त्याच्यामागं जाऊन बॅटवर नाहीतर पाटीवर अंगठा उठवायचा, कागदाची घडी करायची आणि डब्यात टाकायची. चौथीतली पोरं अधिकारी झाली होती आणि बोटाला शाई लावत होती. भुरीबाईनं डाळ-तांदूळ चुलीवर चढवले, जाळ कमी केला आणि निमूटपणे रेघेबाहेर येऊन उभी राहिली.

भाऊसिंग आला, सोबत त्याचा माणूस फुलचंद. दोघं सरळ आत निघाले.

"नायक, रेघेच्या बाहेर थांबा," मॅडम वर्गाच्या दारातून म्हणाल्या.

"मी अध्यक्ष हाय, मॅडम."

"हो. म्हणूनच. पोरं बघत आहेत."

भाऊसिंगनं हसून पाय मागं घेतला. पण त्याच्या बुटाच्या टोकाला चुना लागला होता, आणि तो फुलचंदनं वाकून आपल्या उपरण्यानं पुसला. तांड्याचा नायक आणि खिचडीवाली बाई एका रेघेच्या एकाच बाजूला उभे राहिले. भुरीबाईला कुठं बघावं कळेना. ती मातीकडे बघत राहिली.

आत पोरं एकेक करून खोक्यामागं जात होती. निता गेली, टाचा उंच करून टेबलावर वाकली, आली. तिचा चेहरा भुरीबाईला दिसला नाही. आणि तेवढ्यात वास आला. पहिल्यांदा बारीक, मग चांगलाच. खिचडी बुडाला लागत होती.

"तुही खिचडी जळून राह्यली," भाऊसिंग समोर बघतच म्हणाला. "जा, हालवून ये."

भुरीबाई मॅडमकडे बघत होती. मॅडमनाही वास येत होता. त्यांनी मान हलवली, नाही.

"आता पाह्य कोनाचं आयकाचं थे," भाऊसिंग हळूच म्हणाला. "लेकराईले जळालेलं खाऊ घातलं तं समितीत विषय येते, बरं. मंग मी काही करू नाई शकत."

तिचे पाय रेघेपाशी खिळले होते. सहा वर्षांत तिनं एकदा खिचडी लागू दिली नव्हती. एक पाऊल पुढं टाकलं तर पोरांपुढं मॅडमचा शब्द जाणार होता, नाही टाकलं तर हातातलं काम. ती तशीच उभी राहिली, आणि का उभी राहिली हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही.

शेवटचं पोर बाहेर आलं तशी ती धावली. गंज उतरवला, वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात काढली, पण वास तो वासच. वर्गात मोजणी चालू झाली होती. मॅडम एकेक घडी उघडून पोरांना दाखवत होत्या आणि फळ्यावर रेघा ओढत होत्या. भाऊसिंग आता दारात आला होता. बॅट, पाटी, पाटी, बॅट. भुरीबाई झरोक्याखाली सराटा धरून ऐकत होती. आठ-आठ झाले. दहा-दहा झाले. मनातल्या मनात ती बॅट म्हणत होती, आणि पाटी ऐकलं की आतून काहीतरी उडी मारत होतं, त्याला ती दाबत होती.

"राजपाल बारा, निता अकरा."

भुरीबाई भिंतीला टेकून खाली बसली. वाचलो, असं तिला वाटलं. एका मतानं का होईना, वाचलो.

सगळ्यात आधी टाळी निताची वाजली. ती भुरीबाईला आवाजावरून ओळखू आली.

भाऊसिंग मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो फळ्यावरच्या अकरा रेघांकडे बघत होता, आणि त्या त्याला पोरांच्या वाटत नव्हत्या. अकरा घरं वाटत होती. तो कोणकोणती ते मोजत खिचडीच्या खोलीशी आला.

"मॅडम, हे पहा. हे खातीन का लेकरं?"

शाळेचा नियम होता. आधी मॅडमनी चव घ्यायची, वहीत लिहायचं, मग वाढायचं. मॅडमनी डावानं खिचडी घेतली, खाल्ली, सावकाश गिळली. मग वही उघडून लिहिलं आणि वाचून दाखवलं, "चव चांगली."

इतकी सरळ बाई, पण त्या दिवशी लेखी खोटं बोलली. भाऊसिंगनं वहीकडे आणि मग भुरीबाईकडे बघितलं.

"रविवार होऊन जाऊ द्या," तो म्हणाला, आणि गेला.

चार वाजता दोघी घरी निघाल्या. तुरीच्या शेतातून पायवाट होती. निता पुढं, हातात दप्तर, बोटाला शाई.

"एका मतानं पडली माही माय," भुरीबाई म्हणाली. तिला पोरीला काहीतरी गोड बोलायचं होतं. "अकरा जनाईनं देल्लं तुले. कमी नाई."

"हो. सगळे दुसऱ्याईचे."

"म्हंजे?"

"माह्यं राजपालले देल्लं ना. तुनं मीठ टाकाले लावलं होतं."

भुरीबाई थांबली. तिला वाचता येत नव्हतं, पण हिशेब येत होता. तेविसातलं एक इकडचं तिकडं. बारा निताचे झाले असते, अकरा राजपालचे. सगळ्या खिचडीनं जे झालं नाही, ते चिमूटभर मिठानं झालं होतं.

"तुले मालूम होतं?" तिनं विचारलं. "जिंकली असती म्हून?"

"मोजल्यावर समजलं." निता तुरीची एक शेंग तोडून नखानं सोलत होती. "मले वाटलं, मी विरघळून जाईन. अन् मी विरघळलो तं मायबाप आल्यावर तू त्याईले काय सांगशीन?"

भुरीबाईला त्या जागी बसून मोठ्यानं रडावंसं वाटलं. आपण या लेकराच्या गळ्यात काय बांधलं, तेही आपल्या हातानं. पण वाटेवरून माणसं येत होती, आणि मॅडमनी लिहिलेलं "चव चांगली" एवढाच आता आधार होता, म्हणून ती चालायला लागली.

रविवारी भाऊसिंगच्या गाड्यांनी ऊसतोडीवरून मतदार आणले. निताचे आईबाप मात्र आले नाहीत, त्यांच्या मुकादमानं सोडलं नाही म्हणे. शाळेत पोलीस होता, खरे अधिकारी होते, फाटकाबाहेर खरी शंभर मीटरची रेघ होती. तिच्या अलीकडे फुलचंद चिठ्ठ्या वाटत होता.

"भुरीबाई, मीठ ध्यानात हाय ना?"

"हाय."

"कपबशी."

"हो."

ती रांगेत लागली. पुढच्या-मागच्या बाया पदरात तोंड घालून कुजबुजत होत्या. वर्गात शिरल्यावर बोटाला शाई लागली, सही म्हणून अंगठा झाला. मॅडम दुसऱ्या गावच्या केंद्रावर कामाला होत्या, पण फळा तोच होता. कोणीतरी घाईनं पुसलेला. रेघा अजून दिसत होत्या. इकडं बारा, तिकडं अकरा.

पुठ्ठ्याच्या आड मशीन होतं. कपबशी वर, छत्री खाली. कपबशी नायकाची, छत्री इंद्रभानची. इंद्रभान काही देवमाणूस नव्हता. निवडून आला तर तोही मान हलवायला शिकेल हे भुरीबाईला समजत होतं. पण त्याच टेबलाशी टाचा उंच करून उभं राहिलेलं लेकरू तिला दिसत होतं, समोर स्वतःची पाटी असताना दुसऱ्याच्या बॅटवर अंगठा टेकवणारं. तिचं बोट कपबशीवर गेलं. तिथंच थांबलं. बाहेरून अधिकारी म्हणाला, "मावशी, लवकर करा."

तिनं छत्री दाबली. सदस्यांची बाकीची बटणं कशीबशी दाबून झाली तसा मशीनचा लांब आवाज झाला, आणि तिला वाटलं, हा आता तांडाभर ऐकू गेला.

फाटकाबाहेर फुलचंदनं भुवया उडवल्या. "झालं?"

"मीठ टाकलं होतं ना बावा," ती म्हणाली आणि पुढं निघाली.

निता वाटेवर थांबली होती. थोडं अंतर गेल्यावर तिनं विचारलं, "कोनाले देल्लं, दादी?"

"सांगाचं नसते. मॅडमनं शिकवलं ना."

"मले बी नाई?"

"तुले बी नाई." भुरीबाईनं पदर सावरला. "पन तुनं देल्लं तसं नाई देल्लं."

निता चालता चालता थांबली. तिचा चेहरा उतरला.

"मंग तू विरघळशीन?"

भुरीबाईनं मागं बघितलं. भाऊसिंग फाटकाजवळ उभा होता, प्रत्येक बाहेर येणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. उद्या मोजणी, आणि मोजणी झाली की समिती.

"पाहू," ती म्हणाली. "परवाच्याले खिचडी कराले शाळेत दिसली, तं समज नाई विरघळली."

नितानं आजीचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि घर येईपर्यंत सोडलं नाही.